खेड्याची शिरगणती व खेड्याची वाट

विद्यार्थिमित्रहो, भूगोलाच्या पुस्तकांतील नद्या, पर्वत, बंदरें व राजधान्या ह्यांचीं नांवें तुम्ही मोठ्या हौसेनें पाठ करतां. परंतु ज्या गांवीं तुमचा जन्म झाला, अथवा ज्या गांवाहून तुमचे आजे-पणजे पोटासाठीं शहरांत आले, त्या गांवांत किती माणसें राहतात व त्या गांवाहून बाहेर पडण्यास कोणती वाट आहे, असें कोणी विचारलें तर बहुतेकांस निरुत्तर व्हावें लागेल. ह्याचा दोष एकट्या विद्यार्थ्यांकडे नाहीं. खेडें ही अभ्यास करण्याजोगी वस्तु आहे, असें आपणांस सहसा कोणी सांगितलेलेंच नसतें. वास्तविक पाहतां २०११ सालच्या खानेसुमारींत भारताची लोकसंख्या १२१ कोटी भरली, व त्यांपैकीं सुमारें ८३ कोटी माणसें खेड्यांत राहणारीं होतीं. म्हणजे शंभरांतील जवळ जवळ एकुणसत्तर माणसांचा भूगोल हा खेड्याचा भूगोल होय.

ह्या लेखांत आम्ही खेड्याविषयीं दोनच प्रश्न घेणार आहों : गांवांत माणसें किती, आणि गांवास वाट कोणती. वरवर पाहतां हे दोन प्रश्न निराळे वाटतात. पहिल्याचें उत्तर सरकारी दप्तरांत मिळेल, दुसऱ्याचें नकाशांत. परंतु थोडा विचार केला म्हणजे असें दिसून येतें कीं, हे दोन्ही प्रश्न एकाच दोरीच्या दोन टोकांसारखे आहेत. गांवांत माणसें किती ह्यावर गांवास रस्ता मिळेल कीं नाहीं हें पुष्कळदां ठरतें. आणि रस्ता आला म्हणजे गांवांतील माणसांचा आंकडा पूर्वींचा राहत नाहीं. कधीं तो वाढतो, कधीं घटतो. असें कां होतें, हें आपण कांहीं खऱ्या गांवांच्या उदाहरणांवरून पाहूं.

प्रथम मोजणीविषयीं दोन शब्द सांगितले पाहिजेत. माणसें मोजण्याची चाल फार जुनी आहे. शुभवर्तमानांतील ख्रिस्तजन्माची कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. योसेफ व मरीया हीं नासरेथाहून बेथलेहेमास गेलीं तीं यात्रेकरितां नव्हे, तर कैसराच्या आज्ञेप्रमाणें आपली नांवनिशी करण्याकरितां. म्हणजे त्या कथेंतही शिरगणती व प्रवास हीं दोन्ही एकत्र आलेलीं आहेत, आणि प्रवासाचे हाल कोणास सोसावे लागतात हेंही तींत दिसतें. आपल्या देशांत इंग्रजी अमलांत १८७२ च्या सुमारास पहिली खानेसुमारी झाली. परंतु ती सर्व प्रांतांत एकाच वेळीं झाली नव्हती. देशभर एकाच वेळीं झालेली पहिली मोजणी १८८१ सालची होय, व तेव्हांपासून ती दर दहा वर्षांनीं होत आली. २०२१ सालची खानेसुमारी मात्र महामारीमुळें पुढें ढकलावी लागली, आणि नव्या मोजणीसाठीं १ मार्च २०२७ हा दिवस सरकारनें २०२५ सालीं जाहीर केला. तेव्हां नव्या मोजणीचे गांववार आंकडे हातीं येईपर्यंत २०११ च्या आंकड्यांवरच भिस्त ठेवावी लागते. मात्र ते जुने झालेले आहेत, हें विसरतां कामा नये.

खानेसुमारीच्या कोष्टकांत गांवाच्या नांवापुढें केवळ एकच आंकडा नसतो. कुटुंबें किती, पुरुष किती, स्त्रिया किती, सहा वर्षांपर्यंतचीं मुलें किती, लिहितां-वाचतां येणारीं माणसें किती, कामकरी किती, अशीं अनेक सदरें असतात. कामकऱ्यांतही वर्षांतून सहा महिने वा अधिक काळ ज्यांस काम मिळतें ते मुख्य, व ज्यांस त्याहून कमी काळ मिळतें ते सीमांतिक, असा भेद केलेला असतो. शिवाय शेतकरी, शेतमजूर, घरगुती धंदा करणारे व इतर अशा चार वर्गांत त्यांची विभागणी असते. हीं सदरें वाचण्याची संवय झाली म्हणजे मुके आंकडे बोलूं लागतात. जेथें स्त्रिया पुरुषांहून पुष्कळ अधिक आहेत, तेथें बहुधा पुरुष पोटासाठीं परगांवीं गेलेले असतात. जेथें शेतमजूर शेतकऱ्यांहून फार अधिक आहेत, तेथें जमीन थोड्यांच्या हातीं गेली आहे, किंवा बहुतेकांचे तुकडे पोट भरण्याइतके राहिलेले नाहींत, असा तर्क करावयास हरकत नाहीं. आणि 'इतर' कामकऱ्यांचा आंकडा एकाएकीं वाढलेला दिसला, तर जवळपास एखादा कारखाना किंवा हमरस्ता झाला आहे कीं काय, हें शोधून पाहावें.

ह्या खानेसुमारीच्या आधारें प्रत्येक जिल्ह्याची जी हस्तपुस्तिका निघते, तींत गांवोगांवच्या सोयींची यादी दिलेली असते. गांवांत शाळा, दवाखाना, टपालकचेरी, मोटारीची सोय, बारमाही रस्ता, रेल्वेचें स्टेशन ह्यांपैकीं काय आहे, आणि नसेल तर तें किती दूर आहे, हें तींत नमूद असतें. हें अंतर तीन वर्गांत सांगतात : पांच किलोमीटरच्या आंत, पांच ते दहा, आणि दहाच्या पलीकडे. यादी फार उपयोगी आहे. परंतु सपाट डांबरी सडकेचे पांच किलोमीटर आणि मध्यें ओढा असलेल्या पाऊलवाटेचे पांच किलोमीटर ह्यांतील भेद तींत उमटत नाहीं. तो समजण्यास स्वतः चालून जावें लागतें.

आतां पहिलें उदाहरण घेऊं. पुण्याच्या वायव्येस, पवना नदीच्या कांठीं, पिंपळे सौदागर नांवाचें एक लहान खेडें होतें. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन ह्यांनीं ह्या गांवाचा बारकाईनें अभ्यास केला, आणि दख्खनच्या एका खेड्यांतील जमीन व मजुरी ह्या विषयावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९१७ सालीं मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्रमालेंत प्रसिद्ध झाला. गांव तो केवढा ! शंभराहून थोडींशीं अधिक कुटुंबें. परंतु मॅनसाहेबांनीं ह्या एवढ्याशा गांवाचीं शेतें, विहिरी, गुरें, कर्ज, मजुरी व जेवणखाण हीं सर्व तपासलीं, आणि एका गांवाच्या आरशांत साऱ्या दख्खनच्या शेतकऱ्याचें मुख लोकांस दाखविलें.

जुन्या व नव्या दप्तरांवरून त्यांनीं असें दाखवून दिलें कीं, ह्या गांवीं १७७१ सालीं एका खातेदाराकडे सरासरी ४० एकर जमीन होती. १८१८ सालीं, म्हणजे पेशवाई बुडाली त्या वर्षीं, ती १७।। एकरांवर आली, १८२० ते १८४० ह्या काळांत १४ एकर झाली, आणि १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर उरली. शिवाय ही सात एकर जमीनही एका ठिकाणीं नव्हती. दीडशेच्या वर खातेदारांमध्यें सुमारें सातशें तुकडे वांटले गेले होते, व त्यांतील निम्म्याहून अधिक तुकडे एका एकराच्याही आंतले होते. ह्याचें कारण उघड आहे. गांवची शीव तीच राहिली. खाणारीं तोंडें वाढलीं. बापाच्या पश्चात् प्रत्येक मुलास प्रत्येक शेतांत वांटा हवा, म्हणून शेताचे बांध वाढत गेले आणि पीक घटत गेलें. लोकसंख्या वाढते म्हणजे काय होतें, हें ह्या चार आंकड्यांत जितकें स्पष्ट दिसतें, तितकें मोठमोठ्या व्याख्यानांतही दिसणार नाहीं.

मग हें गांव जगत होतें कसें ? मॅनसाहेबांनीं १०३ कुटुंबांचा जमाखर्च मांडून त्यांचे तीन वर्ग केले. केवळ आपल्या जमिनीवर आपल्या राहणीप्रमाणें सुखानें निर्वाह करूं शकत होतीं अशीं कुटुंबें निघालीं फक्त ८. जमिनीच्या उत्पन्नास बाहेरच्या मजुरीची जोड देऊन ज्यांची तोंडमिळवणी होत होती अशीं २८. आणि जमीन व मजुरी दोन्ही मिळूनही ज्यांचा खर्च भागत नव्हता, व जीं दिवसेंदिवस खालावत चाललीं होतीं, अशीं ६७ ! म्हणजे शेंकडा ६५ कुटुंबें बुडत्या स्थितींत होतीं.

हा हिशेब वाचून मन उदास होतें खरें. पण आपण तो आपल्या दुसऱ्या प्रश्नाच्या दृष्टीनें पुन्हां एकदां वाचूं. ज्यांचें बरें चाललें होतें अशीं एकंदर कुटुंबें ३६, आणि त्या ३६ पैकीं २८ कुटुंबें बाहेरच्या मजुरीवर तगून होतीं. ही मजुरी त्यांस कां मिळूं शकली ? गांव वाटेपासून दूर नव्हतें म्हणून. १८५८ सालीं खंडाळ्यापासून पुण्यापर्यंत आगगाडीचा मार्ग खुला झाला होता व तो ह्याच मुलुखांतून जातो. खडकीची छावणी, तेथील १८६९ सालीं स्थापन झालेला दारूगोळ्याचा कारखाना, आणि पुणें शहराची बाजारपेठ हीं सर्व सकाळीं निघून संध्याकाळीं परत येण्याजोग्या अंतरावर होतीं. माणूस दिवसभर बाहेर राबून रात्रीं आपल्या घरीं भाकरी खाऊं शकत होता. आमच्या मतें ह्या २८ कुटुंबांस जें कांहीं तारीत होतें, तें जमिनीइतकेंच वाटेचें देणें होतें.

ह्या म्हणण्याचा पडताळा पाहावयाचा असेल तर दुसरें गांव पाहिलें पाहिजे. मॅनसाहेबांनीं श्री. कानिटकर ह्यांच्या साहाय्यानें तसाच दुसरा अभ्यास केला व तो १९२१ सालीं प्रसिद्ध झाला. हें दुसरें गांव शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक. तें पुण्यापासून पुष्कळ दूर, पावसाच्या भरंवशावर असलेल्या कोरडवाहू मुलुखांत. तेथें शेंकडा ६५ नव्हे, तर शेंकडा ८५ कुटुंबें खालावत्या स्थितींत आढळलीं. हा सगळा फरक एकट्या वाटेमुळें पडला असें आम्ही म्हणणार नाहीं; जमीन व पाऊस ह्यांचाही त्यांत मोठा वांटा आहे. परंतु ज्या वर्षीं पाऊस दगा देतो, त्या वर्षीं संध्याकाळीं घरीं परत येतां येईल अशा अंतरावर रोजगार असणें आणि नसणें ह्यांत किती अंतर आहे, हें ह्या दोन आंकड्यांवरून ताडतां येतें. जवळच्या गांवचा माणूस रोज जाऊन रोज येतो. दूरच्या गांवच्या माणसास बिऱ्हाड पाठीवर घेऊन निघावें लागतें.

पुढें ह्या दोन्ही प्रदेशांचें काय झालें, तेंही सांगितलें पाहिजे. पुणें व अहमदनगर ह्यांना जोडणारा रस्ता शिरूर तालुक्यांतूनच जातो. १ जून १९४८ रोजीं सरकारी मोटारवाहतुकीची पहिली गाडी ह्याच रस्त्यावर धांवली, व आज जिला आपण प्रेमानें एस्. टी. म्हणतों तिचा जन्म झाला. पुढें ह्याच तालुक्यांत रांजणगांवीं मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. पिंपळे सौदागराचें रूप तर ओळखूं न येण्याइतकें पालटलें. जवळच पिंपरी येथें १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला. त्यामागून अनेक कारखाने आले. १९८२ सालीं पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या खानेसुमारींत तिची लोकसंख्या १७ लाखांवर गेली. जेथें मॅनसाहेबांनीं शंभरांवर कुटुंबें मोजलीं, तें गांव आज ह्या महानगराचें एक उपनगर आहे. खानेसुमारीच्या नियमाप्रमाणें किमान ५,००० वस्ती, पुरुष कामकऱ्यांपैकीं किमान शेंकडा ७५ शेतीबाहेरील धंद्यांत, आणि दर चौरस किलोमीटरास किमान ४०० माणसें, अशा तीन कसोट्यांस जें गांव उतरतें त्यास शहर म्हणून गणतात. पिंपळे सौदागराच्या बाबतींत हा सर्व पालट एका माणसाच्या दीर्घ आयुष्याएवढ्या काळांत घडला, आणि तो घडविला वाटेनें. जमीन तीच, नदी तीच. पण जेथून माणसें कामाला बाहेर जात होतीं, तेथेंच बाहेरचीं माणसें वस्तीला आलीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल, 'तर मग रस्ता झाला कीं गांवाचें कल्याण झालेंच.' परंतु अशी घाई करूं नये. आतां आपण सह्याद्रि उतरून कोंकणांत जाऊं. कोंकणांतील खेड्यांस प्रथम समुद्राची वाट होती. मुंबईहून बंदरोबंदर जाणाऱ्या आगबोटींनीं कित्येक पिढ्या चाकरमानी ये-जा करीत. पुढें मोटारींचा रस्ता सुधारला, आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोंकण रेल्वे अथपासून इतिपर्यंत सुरू झाली. डोंगर फोडून व दऱ्यांवर पूल बांधून केलेलें हें काम खरोखर अभिमानास्पद आहे. पण आंकडे काय सांगतात ? रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ सालीं १६,९६,७७७ होती, ती २०११ सालीं १६,१५,०६९ झाली. सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ होती, ती ८,४९,६५१ झाली. सबंध राज्याची लोकसंख्या वाढत असतां हे दोन जिल्हे घटले ! आणि २०११ सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत दर हजार पुरुषांमागें ११०० हून अधिक स्त्रिया होत्या. घरांत म्हातारीं माणसें, बायका व मुलें. कर्ते पुरुष मुंबईस, असा ह्या आंकड्याचा अर्थ आहे. रेल्वेनें गणपतीला घरीं येणें सोपें केलें ह्यांत शंका नाहीं. परंतु बाराही महिने घरीं राहतां यावें, एवढें काम गांवांत निर्माण करणें हें रेल्वेच्या हातचें नव्हतें.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानांत येते. वाट ही दोन्ही बाजूंनीं चालण्याची वस्तु आहे. तिनें धान्य, औषध व शिक्षक गांवांत येतात, तशींच तिनें माणसें बाहेरही जातात. कोणत्या बाजूची वर्दळ अधिक व्हावी, हें रस्त्यावर अवलंबून नसून गांवांत पाणी व काम किती आहे ह्यावर अवलंबून असतें. अहमदनगर, म्हणजे आतांचें अहिल्यानगर, जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें गांव ह्याची उत्तम साक्ष देतें. दुष्काळामुळें ह्या गांवचीं कुटुंबें पुण्या-मुंबईकडे निघून जात. श्री. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर १९९० नंतरच्या काळांत गांवकऱ्यांनीं डोंगरउतारावर चर खणले, बांध घातले, झाडें लावलीं, आणि दर वर्षीं पडलेल्या पावसाचा हिशेब मांडून त्याप्रमाणें पिकें ठरविण्याचा नियम केला. विहिरींस पाणी आलें, आणि बाहेर गेलेलीं अनेक कुटुंबें आपल्या पांढरीवर परत आलीं. ह्या कामाबद्दल श्री. पवार ह्यांस २०२० सालीं पद्मश्री ही पदवी जाहीर झाली. ज्या वाटेनें माणसें गेलीं, त्याच वाटेनें तीं परतलीं. मध्यें बदललें तें पाणी.

आतां दोरीचें दुसरें टोक हातीं घेऊं. रस्ता माणसांचा आंकडा बदलतो हें आपण पाहिलें. पण रस्ता येतो कोणाकडे? १९४३ सालीं आपल्या नागपूर शहरीं देशांतील मुख्य इंजिनियरांची परिषद भरली होती. तींत राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे व खेड्यांचे असे रस्त्यांचे वर्ग पाडण्यांत आले, व सुपीक लागवडीच्या प्रदेशांतील कोणतेंही खेडें मोठ्या रस्त्यापासून पांच मैलांपेक्षां दूर राहूं नये, असें ध्येय ठरविण्यांत आलें. तरीही शतक संपेपर्यंत असंख्य वाड्या-वस्त्या बारमाही रस्त्यावांचून राहिल्या. तेव्हां २५ डिसेंबर २००० रोजीं प्रधानमंत्री ग्राम सडक योजना सुरू झाली. तिचा मूळ नियम असा कीं, सपाट प्रदेशांत ५०० अथवा अधिक, आणि डोंगरी राज्यांत, वाळवंटांत व आदिवासी भागांत २५० अथवा अधिक वस्ती असलेल्या ज्या वाड्यांस रस्ता नाहीं, त्यांस बारमाही रस्ता द्यावा. ह्या योजनेनें हजारों वस्त्या जगाशीं जोडल्या, हें कृतज्ञतेनें सांगितलें पाहिजे. २०२४ सालीं तिचा चौथा टप्पा मंजूर झाला व त्यासाठीं २०११ ची लोकसंख्या आधार धरण्यांत आली.

पैसा मर्यादित असतां कोठें तरी रेघ ओढावी लागते, हें आम्हांस मान्य आहे. परंतु रेघेच्या पलीकडे कोण राहतें, हेंही पाहिलें पाहिजे. समजा, एका वाडींत ४८५ माणसें भरलीं. पंधरा माणसांसाठीं ती वाडी नियमाबाहेर जाईल. अशा वेळीं जवळच्या, म्हणजे सपाटीवर अर्ध्या किलोमीटरच्या आंतल्या, वस्त्यांची लोकसंख्या एकत्र धरण्याची सवलत नियमांतच ठेविलेली आहे. ती गांवकऱ्यांस ठाऊक असणें अगत्याचें आहे. ह्याहून सूक्ष्म अशी एक अडचण आहे. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी ह्या दिवसांत झाली, आणि ह्या सबंध काळांत जो घरापासून दूर होता तो जेथें सांपडला तेथें मोजला जावा, असा नियम होता. आतां बीड जिल्ह्यांतील अथवा पाथर्डीकडील ऊसतोड करणाऱ्या कुटुंबांचा विचार करा. दसरा-दिवाळी झाली कीं तीं बैलगाड्या व कोयते घेऊन साखर-कारखान्यांच्या प्रदेशांत जातात, आणि उन्हाळा लागल्यावर परततात. म्हणजे मोजणीच्या दिवसांत त्यांचीं घरें बंद ! गांवांत काम नाहीं म्हणून माणसें बाहेर. माणसें बाहेर म्हणून आंकडा लहान. आंकडा लहान म्हणून रस्ता मागें. आणि रस्ता नाहीं म्हणून गांवांत काम नाहीं. हें चक्र कोणा एकाच्या दुष्टपणामुळें फिरत नाहीं. आंकडा वाचणाऱ्यानें आंकड्यामागचा मनुष्य पाहिला नाहीं, म्हणजे तें आपोआप फिरत राहतें.

शंभर मेंढरांच्या मेंढपाळाचा दाखला तुम्ही बायबलाच्या तासास ऐकला असेल. त्यानें मेंढरें मोजलीं तीं नव्याण्णव भरलीं ह्यांत समाधान मानण्याकरितां नव्हे, तर हरवलेलें एक कोणतें हें कळावें म्हणून. शिरगणतीचा खरा उपयोगही हाच आहे. रेघेच्या आंत कोण आलें एवढें पाहून वही मिटावयाची नाहीं. बाहेर कोण राहिलें तें शोधावयाचें आहे. पावसाळ्यांत ओढ्याला पूर आला असतां बाळंतिणीस झोळींत घालून मुख्य रस्त्यापर्यंत न्यावें लागतें, तेव्हां त्या वाडींत ५१५ माणसें आहेत कीं ४८५, ह्यानें तिच्या वेदनेंत कांहींच फरक पडत नाहीं. तसेंच शिक्षणाचें आहे. पांचवी ते बारावीच्या मुलींसाठीं एस्. टी. चा मोफत पास आहे. ही सोय फार मोलाची. पण ज्या वाडीपर्यंत गाडीच जात नाहीं, तेथील मुलीस त्या पासाचा उपयोग मुख्य रस्त्यापर्यंत चालून गेल्यावरच होणार, आणि अंधार पडण्याच्या आंत परत येतां येईल कीं नाहीं ह्यावर तिची शाळा चालू राहील कीं बंद पडेल हें ठरणार.

म्हणून आमची विद्यार्थ्यांस सूचना आहे कीं, येत्या सुटींत प्रत्येकानें आपल्या गांवाचा, किंवा गांव नसल्यास मित्राच्या गांवाचा, पुढील रीतीनें अभ्यास करावा. पहिल्यानें गांवाचा एक साधा नकाशा काढावा. त्यांत गांवठाण, वाड्या, वस्त्या, ओढे, शाळा, पाणवठा व बाहेर जाणाऱ्या वाटा दाखवाव्या. नंतर खानेसुमारींतील गांवाचा आंकडा मिळवावा, आणि आपल्या एका वाडींतील घरें स्वतः मोजून पाहावीं. माणसें मोजतांना तीन रकाने करावे : बारमाही राहणारीं, कांहीं महिने बाहेर जाणारीं, आणि सणावारीं मात्र येणारीं. सरकारी आंकड्याशीं हे रकाने ताडून पाहिले म्हणजे गांवाची खरी स्थिति कळेल.

तिसरें काम वाटांचें. शाळा, दवाखाना, बाजार, मोटारीचा थांबा व रेल्वेचें स्टेशन हीं किती किलोमीटर दूर आहेत हें लिहावेंच. पण त्याशेजारीं तेथें पोंचण्यास किती वेळ लागतो हेंही लिहावें, आणि तो वेळ दोनदां लिहावा, एकदां उन्हाळ्याचा व एकदां पावसाळ्याचा. अंतर कागदावर एकच असतें. वेळ मात्र ऋतूप्रमाणें व माणसाप्रमाणें बदलतो. तरुणास अर्ध्या तासाची वाट आजीबाईस दीड तासाची होते. गाडी दिवसांतून किती वेळां येते, शेवटची गाडी केव्हां जाते, व ती चुकल्यास लोक काय करतात, हें विचारावें. चौथें काम वडील माणसांचें स्मरण टिपून घेण्याचें. रस्ता केव्हां झाला, त्यापूर्वीं माल कशावरून नेत, कोणती बाजारपेठ मोडली, कोणती वाढली, हें त्यांच्या तोंडून ऐकून लिहावें. कारण हा इतिहास कोणत्याही दप्तरांत नाहीं. हें सर्व करतांना कोणाचें कर्ज, आजार किंवा घरची अडचण वहींत नांवानिशीं लिहूं नये. आपल्यास आंकडा हवा आहे. शेजाऱ्याची उणीदुणी नकोत.

पालकांसही आमची एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन असले प्रश्न विचारूं लागली, तर 'हें काय परीक्षेला आहे ?' असें म्हणून तिला गप्प करूं नये. तुम्हांस ज्या वाटेनें शाळेंत जावें लागलें, किंवा ज्या वाटेच्या अभावीं शाळा सोडावी लागली, ती वाट तिला दाखवावी. आणि नव्या खानेसुमारीचा गणक दारीं आला असतां घरांतील प्रत्येक माणसाची माहिती खरी व पुरी सांगावी : तान्ह्या मुलाची, म्हातारीची, आणि बाहेरगांवीं कामाला गेलेल्याचीही. कोणास कोठें धरावयाचें, तें नियमाप्रमाणें गणक ठरवील. आपल्या वाडीच्या आंकड्यांत एक माणूस कमी लिहिला गेला, तर तो केवळ कागदावर कमी होत नाहीं. रस्त्याच्या, शाळेच्या व दवाखान्याच्या हिशेबांतूनही तो तितकाच कमी होतो.